गेलेले अंग आणि लोकांचा डोळा

सन १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत चित्रासह प्रसिद्ध झाली. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर असलेला कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी शत्रूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापविला. तशा स्थितीत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला, व पुढे कंपनी सरकारने त्यास पेन्शन दिले. सुमारे बारा महिने तो बिननाकाचा वावरला. नंतर पुण्याजवळच्या, वीट पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक करून दिले. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटावर बेताचा बसवून घेतला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ आखली व तेवढे कातडे सोडविले. दोन डोळ्यांच्या मध्ये त्याचा एक पट्टा तसाच जोडलेला राखून बाकीचे खाली वळविले, व ते नाकाच्या जागी रुजविले. ही विद्या हिंदुस्थानात फार पुरातन काळापासून चालत आली आहे, असेही त्या लेखकाने नमूद केले आहे. आणि सुश्रुतसंहितेत तुटलेले कान व नाक सांधण्याचे प्रकार आहेत हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस त्यात नवल वाटणार नाही. या हकीकतीवरून स्फूर्ती घेऊन लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ साली तसाच प्रयोग केला, आणि युरोपात या शास्त्राची नवी परंपरा सुरू झाली.

ही गोष्ट वारंवार सांगितली जाते, व ती सांगताना आम्हां महाराष्ट्रीयांस थोडा अभिमानही वाटतो. परंतु आमचे लक्ष तीत जे सांगितलेले नाही त्याकडे आहे. ‘बाबा, तुला नाक हवे तरी कशाला?’ असे त्या गाडीवानास कोणी विचारल्याचे तीत कोठेही आढळत नाही. वस्तुतः विचारता आले असते. नाकाचा शेंडा नसला म्हणून श्वास अडत नाही, घास अडत नाही, बैल अडत नाहीत. पोटाच्या दृष्टीने पाहिले तर हाताची हानी अधिक मोठी, आणि ती भरून येण्यासारखी नव्हती. शिवाय पेन्शन चालू होते. तरीही त्याने कपाळाचे कातडे सोलून घेण्याच्या वेदना, भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळी, आपण होऊन पत्करल्या, आणि कोणीही त्यास नटवा म्हटले नाही. ज्या भाषेत ‘नाक कापले गेले’ म्हणजे अब्रू गेली असा अर्थ होतो, त्या भाषेच्या लोकांस त्याची इच्छा समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

आता हीच इच्छा दुसऱ्या एका अवयवाच्या बाबतीत धरली गेली की आमची समजूत एकाएकी मंद का होते, हा आजचा प्रश्न आहे. स्तनाच्या कर्करोगामुळे एक स्तन काढून टाकावा लागलेली स्त्री जेव्हा विचारते की, तो पुन्हा घडवून मिळतो म्हणतात, ते खरे काय, तेव्हा तिच्या भोवतीच्या माणसांच्या चेहऱ्यांवर जो भाव उमटतो तो त्या गाडीवानाच्या वाट्यास आला नसावा. ‘जीव वाचला ना? मग झाले.’ ‘मुले मोठी झाली, आता त्याचे काय काम?’ ‘कोण पाहायला येते आहे?’ ही वाक्ये दुष्ट माणसे बोलत नाहीत. रात्र रात्र उशाशी बसलेली सासू बोलते, रुग्णालयाच्या रांगेत उभा राहिलेला भाऊ बोलतो, आणि पुष्कळदा ती स्त्री स्वतःच, दुसऱ्याने म्हणण्याच्या आत, म्हणून टाकते.

आणि हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याच्या श्रीमंत वस्तीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांची नाशिककडची वाट जेथे संपते ते कसारा गाव थळ घाटाच्या पायथ्याशी, मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटरांवर आहे. तेथून पहाटेच्या लोकलने निघालेली माणसे अडीच-पावणेतीन तासांनी मुंबई गाठतात. त्यांत कामावर जाणारे असतात, दूध व भाजी नेणारे असतात, आणि हातात कापडी पिशवीत फायली घेतलेली, परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरलेली कुटुंबेही असतात. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या त्या रुग्णालयाचे नाव शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांतून माहीत आहे, व ते उच्चारताना लोक आवाज खाली आणतात. आज हिंदुस्थानातील स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांस तो नव्याने झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. तेव्हा ठाकूर, कातकरी, कुणबी, आगरी, ब्राह्मण, कोणत्याही घरी तो केव्हाही येऊ शकतो.

या रोगाविषयी बोलताना आमची मराठी कशी चोरटी होते तेही पाहण्यासारखे आहे. आई मुलाला ‘अंगावर’ पाजते. मूल ‘अंगावर’ पिते. दूध ‘अंगावरचे’ असते. या प्रयोगात एक विलक्षण कोमलता आहे, जणू आईचे सगळे अंगच दूध देते. परंतु त्याच सोवळेपणामुळे गाठ आली म्हणजे बाईजवळ तिच्यासाठी शब्द नसतो. ‘छातीत काहीतरी लागते’ असे ती म्हणते, आणि ऐकणारा हृदयविकार समजतो. स्तन हा शब्द पुस्तकातला, दुसरे शब्द शिवीतले. घरात वापरण्याजोगा शब्दच नाही. मग गाठ काही महिने पदराखाली राहते, आणि जेथे थोडक्यात निभावले असते तेथे सगळा अवयव द्यावा लागतो. ज्या अवयवाचे नाव घेणे निषिद्ध त्याच्या वियोगाचे दुःख तरी कोणत्या तोंडाने बोलून दाखवावे? हात गेला तर लोक भेटीस येतात, पाय गेला तर कुबडी आणून देतात. येथे मात्र घरातल्या घरात, ब्लाउजच्या आत एका बाजूस जुन्या कापडाची घडी शिवून टाकण्यात येते, आणि विषय संपतो.

कसाऱ्याचा घाट चढून गेले की पुढे नाशिक. या गावाचे नाव शूर्पणखेच्या नाकावरून पडले अशी लोकसमजूत आहे. वाल्मीकीच्या कथेत लक्ष्मण तिचे नाक व कान कापतो. कंबनाच्या तमिळ रामायणात मात्र नाककानांबरोबर तिच्या स्तनांवरही शस्त्र चालते. राक्षसीची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही. पण या दोन पाठांतील अंतर विचार करण्याजोगे आहे. नाक कापणे म्हणजे चारचौघांत मान खाली घालावयास लावणे. स्तन कापणे म्हणजे ती स्त्री आहे हेच तिच्याकडून काढून घेणे. म्हणजे शिक्षा देणाऱ्यास या अवयवाची किंमत बरोबर कळते. कापताना ती कळते; मग परत मागताना ‘त्यात काय एवढे’ असे का व्हावे?

शस्त्रवैद्यांचा इतिहासही या बाबतीत फार स्वच्छ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्यम हॅल्स्टेड याने स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील गाठी एकसंध काढण्याची जी पद्धत रूढ केली ती पाऊणशे वर्षे जवळजवळ वेदवाक्य होती. हॅल्स्टेडच्या परंपरेत स्तन पुन्हा घडविण्याच्या खटपटीकडे संशयानेच पाहिले जाई. वरून कातडे सजविले तर आत रोग उलटला तो दिसणार नाही, ही भीती. भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु तीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की देहाविषयी काय सोसावे याचा निर्णय ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याचा. पुढे इटलीत व्हेरोनेसी व अमेरिकेत फिशर यांच्या प्रयोगांनी, १९८१ व १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी, असे दाखवून दिले की रोग प्रारंभीच्या अवस्थेत असेल तर केवळ गाठ काढून किरणोपचार केल्यानेही रुग्ण तितकीच वर्षे जगतात. म्हणजे ज्या असंख्य स्त्रियांनी निमूटपणे सर्वस्व दिले त्यांपैकी कित्येकींस तेवढे द्यावे लागले नसते. हे कळल्यानंतर तरी ‘जीव वाचला ना’ हे वाक्य जपून वापरावयास हवे होते.

तथापि इच्छा रास्त आहे एवढे म्हटल्याने ती पुरविण्याचा मार्ग सोपा ठरत नाही, आणि जे या मार्गाची केवळ गोड बाजू सांगतात ते त्या स्त्रीचा, नाही म्हणणाऱ्यांपेक्षाही अधिक अपमान करतात असे आम्हांस वाटते. म्हणून येथे थोडा तपशील देणे अवश्य आहे. स्तन पुन्हा घडविण्याचे मुख्य मार्ग दोन. एक, तिच्याच पोटावरचे किंवा पाठीवरचे मांस व कातडे आणून बसविणे; ही शस्त्रक्रिया मोठी, वेळखाऊ, आणि जेथून घेतले तेथेही जखम राहते, पण जे बसते ते तिचे स्वतःचे असते. दुसरा, सिलिकोनची पिशवी, जीस सर्रास इम्प्लांट म्हणतात, कातडीखाली वा स्नायूखाली ठेवणे. आत सिलिकोनचा घट्टसर रस किंवा मिठाचे पाणी असते. पुष्कळदा ती एकदम बसविता येत नाही. आधी एक रिकामी पिशवी ठेवून तीत काही आठवडे थोडे थोडे पाणी भरीत कातडे ताणावे लागते, आणि मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत कायमची पिशवी घालतात. हे सर्व रोगाच्या शस्त्रक्रियेबरोबरच करता येते, अथवा उपचार संपल्यावर महिन्यांनी वा वर्षांनीही करता येते. ही दुसरी सवड आहे हे पुष्कळ स्त्रियांस कोणी सांगतच नाही. किरणोपचार व्हावयाचे असतील वा झाले असतील तर पिशवीचा त्रास होण्याचा संभव वाढतो, आणि तेथे स्वतःच्या मांसाचा मार्ग बरा ठरण्याचा संभव असतो. आधी तपासण्या, रक्त पातळ करणारी औषधे असल्यास ती वैद्याच्या सल्ल्याने थांबविणे, आणि तंबाखू पूर्ण बंद. आमच्याकडील बायकांनी हे विशेष लक्षात घ्यावे की मिश्री हीही तंबाखूच. जखम भरून येण्यास ती आडवी येते, आणि डॉक्टरने ‘सिगारेट ओढता का’ असे विचारले असता ‘नाही’ म्हणणारी बाई खोटे बोलत नसते.

नंतरचे काही दिवस दुखणे, सूज, छातीवर घट्ट ओढ, बगलेखालून रक्तपाणी वाहून नेणारी नळी. मग चार ते सहा आठवडे जड उचलणे वर्ज्य. हे तात्पुरते झाले. कायमचे असे की ही पिशवी जन्माची सोबतीण नव्हे. तिच्याभोवती शरीर एक पापुद्रा धरते. तो काहींच्या बाबतीत आवळून दगडासारखा कठीण होतो, दुखतो, आकार बिघडवितो. पिशवी आतल्या आत फुटू शकते, आणि सिलिकोनची फुटली तर पुष्कळदा कळतही नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पाचव्या-सहाव्या वर्षी एकदा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी वा एमआरआय करून पाहावे असे सांगितले आहे. धडधाकट स्त्रियांनी केवळ आकार वाढविण्यासाठी बसविलेल्या पिशव्यांपैकी पाचांत एकीची पिशवी आठ-दहा वर्षांत काढावी लागते, अशी त्याच प्रशासनाची माहिती आहे. रोगानंतर बसविलेल्यांचे मान याहून कमी नाही. क्वचित्, विशेषतः खरखरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांभोवती, लसिकापेशींचा एक वेगळाच कर्करोग उद्भवतो. त्या कारणाने २०१९ साली एका मोठ्या कंपनीने तशा पिशव्या जगभरातून परत घेतल्या. फ्रान्समधील एका कारखान्याने तर औषधी सिलिकोनऐवजी कारखानी सिलिकोन भरून पिशव्या विकल्याचे २०१० साली उघडकीस आले, व त्याचा मालक पुढे तुरुंगात गेला. २०२१ साली अमेरिकेत असा नियम झाला की या सर्व जोखमींची यादी रुग्णापुढे ठेवून, ती वाचल्याची तिची सही घेतल्यावाचून पिशवी बसवू नये. हिंदुस्थानात अशी यादी मराठीत, आणि वाचता न येणारीस कोणी शांतपणे वाचून दाखवील अशी, असावयास किती हरकत आहे?

या सर्वांत आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत कठीण गोष्ट आम्ही अखेरीस ठेवली आहे. नव्या स्तनास स्पर्श कळत नाही. नसा तुटलेल्या असतात. काही स्त्रियांस कालांतराने थोडी जाणीव परत येते, पुष्कळींस येत नाही. दिसावयास स्तन, पण हाताला लागतो तो परका. आता विरोधकास म्हणता येईल की, पाहा, शेवटी आमचेच म्हणणे खरे ठरले. ज्या अवयवाला स्वतःला काहीच जाणवत नाही तो पाहणाऱ्यासाठीच नव्हे काय? युक्तिवाद तीक्ष्ण आहे, आणि त्यास टाळून जाता येणार नाही. परंतु तो एक गोष्ट विसरतो. त्या स्त्रीस पाहणारांत पहिली ती स्वतः आहे. न्हाणीघरात दार लावल्यावर लोक बाहेर राहतात, नवराही बाहेर राहतो. आत ती आणि तिचे अंग. रोज सकाळी साडी नेसताना, पदर घेताना, वाकताना, एका बाजूस तोल गेल्यासारखे वाटताना तीस जे आठवते ते रोगाचे निदान झाल्याचा दिवस होय. कित्येकींस नवा स्तन हवा असतो तो सुंदर दिसण्यासाठी नव्हे, तर दिवसातून दहा वेळा तो दिवस आठवू नये म्हणून. पुण्याच्या त्या नाकास तरी कोठे वास येत होता! वास आत कोठेतरी येत असेल. कपाळाचे कातडे काही हुंगत नव्हते.

आणि ज्या स्त्रिया नको म्हणतात त्यांचे काय? ऑड्री लॉर्ड या अमेरिकन कवयित्रीने स्तन गमावल्यानंतर कृत्रिम उंचवटाही लावण्यास नकार दिला व त्याविषयी १९८० साली पुस्तक लिहिले. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, झालेली हानी लपविण्यास जे आम्हांस सांगतात त्यांस आमच्या सुखापेक्षा स्वतःच्या डोळ्यांच्या सोयीची काळजी अधिक आहे. वरवर पाहता हे आमच्या विवेचनाच्या उलट दिसते. पण तसे नाही. ‘या वयात कशाला हवे’ म्हणणारा आणि ‘असे कसे बाहेर जाशील’ म्हणणारा, दोघांचेही मोजमाप एकच: लोकांचा डोळा. एकास वाटते, डोळ्यास दिसत नाही म्हणून नको. दुसऱ्यास वाटते, डोळ्यास खुपते म्हणून हवे. छाती सपाट ठेवून ताठ चालणारी स्त्री आणि नवा स्तन करून घेणारी स्त्री या दोघींत, निर्णय ज्याने त्याने आपल्या अंगाविषयी करावयाचा असतो हे मानणाऱ्यास, विरोध दिसत नाही.

मग ज्या स्त्रीस रोग झाला नाही, काही गेले नाही, तिने निव्वळ आकार वाढविण्यासाठी हेच केले तर? येथे आमचे मन कचरते हे आम्ही लपवीत नाही. पण ते का कचरते हे पाहावे. १९६२ साली अमेरिकेच्या ह्यूस्टन शहरात क्रोनिन व गेरो या शस्त्रवैद्यांनी सिलिकोनची पहिली जोडी जिच्या छातीत बसविली, ती टिमी जीन लिंडसी ही स्त्री रुग्णालयात आली होती ती छातीवरचे गोंदण पुसून घेण्यासाठी. नवीन प्रयोगासाठी तिला विचारण्यात आले. आपल्या स्तनांविषयी तिची काही तक्रार नव्हती. तिला खुपत होते ते आपले बाहेर आलेले कान. कानही नीट करून देतो असे ठरले, आणि मग ती कबूल झाली. ही हकीकत तिने स्वतः पुढे अनेकदा सांगितली आहे. ज्या वस्तूचा पुढे जगभर एवढा मोठा व्यापार झाला, तिचा आरंभ मागणीतून झाला नाही. वस्तू आधी तयार झाली आणि उणीव मागाहून शोधण्यात आली. कर्करोगाने स्तन नेला तेथे उणीव रोगाने केली. येथे ती आरशाने, चित्रपटाने, जाहिरातीने केली. फरक आहे तो येथे. सुंदर दिसावे असे वाटणे यात नाही. नथ, बुगडी, गोंदण, मेंदी, नाककान टोचणे हे सर्व ज्या समाजाने मुलींस लहानपणीच शिकविले, त्याने देहाच्या शोभेस पाप म्हणण्याचा आव आणू नये. जाहिरातीने दिलेल्या लाजेवर शस्त्र हा उपाय आहे की काय एवढाच प्रश्न, व तोही त्या स्त्रीने स्वतःस विचारावयाचा.

सरकारे मात्र ही रेघ आखीतच असतात, आणि पैशाच्या बाबतीत ती आखावीही लागते. १९९२ साली अमेरिकेने सिलिकोनच्या पिशव्यांवर निर्बंध घातले तेव्हा रोगानंतर स्तन घडविण्यासाठी त्या मिळत राहिल्या व शोभेसाठी बंद झाल्या. २००६ साली बंदी उठली. आमच्याकडे विमा कंपन्या सौंदर्याच्या शस्त्रक्रियांस पैसे देत नाहीत, परंतु अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतर अंग पुन्हा घडवावयाचे असल्यास तो अपवाद धरतात. ही रेघ समंजस आहे, आणि ती आपल्या पॉलिसीत आहे हे कुटुंबातील कर्त्या माणसांस ठाऊक असणे इष्ट आहे. पण २०१८ च्या फेब्रुवारीत तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ली रुग्णालयात स्तनाच्या सौंदर्यशस्त्रक्रिया, रोपणासह, गरिबांस विनामूल्य करून देण्याचे ठरविले, तेव्हा मोठा गहजब झाला. ज्या देशात तापाची औषधे पुरत नाहीत तेथे ही चैन कशाला, असे जाणत्या लोकांनी विचारले. गरिबांस ती का मिळू नये, असा आरोग्यमंत्र्यांचा प्रतिप्रश्न होता. खजिन्याच्या हिशेबात टीकाकारांची बाजू आम्हांस बळकट वाटते. तथापि त्या गहजबात एक सूर असा होता की ज्याचा हिशेबाशी संबंध नव्हता: गरीब बाईस अंगाची कसली हौस! श्रीमंत बाईची हौस हा तिचा खाजगी प्रश्न, आणि गरीब बाईची हौस हा मात्र सार्वजनिक विनोद, हे न्यायाचे मोजमाप नव्हे.

गरीब बाईसंबंधी बोलावयाचेच तर कसाऱ्यास परत यावे. शस्त्रक्रियेनंतर हाती देण्यात येणाऱ्या कागदावर ‘सहा आठवडे जड उचलू नये’ असे असते. काखेतील गाठी काढल्या असल्यास त्या बाजूचा हात पुढे जन्मभर जपावा, त्यास जखम होऊ देऊ नये, सूज आल्यास दुर्लक्ष करू नये, असेही सांगतात. कागद लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नळ असलेले घर आहे. शहापूर तालुक्यात तानसा व भातसा ही धरणे आहेत आणि त्यांचे पाणी मुंबई पिते. त्याच परळच्या रुग्णालयाच्या नळांतूनही तेच येत असावे. आणि कसाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांतून फाल्गुन उलटला की विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते, डोकीवर हंडा व काखेत कळशी घेऊन बायका डोंगर उतरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण या तालुक्यावर फार वेळा वापरली गेली, आणि तरी ती शिळी होत नाही. भरलेला हंडा उचलावयाचा नाही, तर घरात पाणी कोणी आणावयाचे? सून, मुलगी, जाऊ यांपैकी कोणी आणील. पण तिची शाळा वा मजुरी त्या दिवसापुरती बुडेल. नवऱ्याने आणावे असे कागदावर लिहिण्याचे धैर्य अजून कोणा डॉक्टरास झालेले आमच्या पाहण्यात नाही.

म्हणून अशा स्त्रीपुढे दोन मार्ग ठेवताना नुसते शरीराचे गुणदोष सांगून भागत नाही. पिशवीचा मार्ग म्हणजे थोडक्या दिवसांची शस्त्रक्रिया खरी, पण पुढे वर्षानुवर्षे तपासणीच्या खेपा, प्रत्येक खेपेस जाणेयेणे धरून पाच-सहा तासांचा प्रवास, बरोबर एक माणूस, दोघांची बुडालेली मजुरी. पोटाच्या मांसाचा मार्ग म्हणजे आधी फार मोठे दुखणे, पोटाची ताकद काही काळ उणी, परंतु पुढची खेप कमी. तिसरा मार्ग, सुताचा विणलेला वा कापडाचा, कापसाचा, अंगास न टोचणारा उंचवटा ब्लाउजमध्ये घालण्याचा. असे उंचवटे विणून विनामूल्य देणाऱ्या स्त्रिया आपल्या देशातही आहेत. चौथा, काहीच न करण्याचा. यांपैकी कोणता, हे तीस विचारावे लागेल, आणि विचारताना खोलीतल्या इतर माणसांस थोडा वेळ बाहेर बसवावे लागेल. तपासणीच्या खोलीत डॉक्टरने बाईकडे पाहून प्रश्न करावा व उत्तर मुलाने वा दिराने द्यावे, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. बाई त्या वेळी पदराचे टोक बोटास गुंडाळीत होती.

तिने होय म्हटले तर पुढचा प्रश्न तारखेचा. रोगाच्या शस्त्रक्रियेस थांबता येत नाही, पण स्तन घडविण्याच्या शस्त्रक्रियेस थांबता येते, आणि थांबता येते तर ती केव्हा करावी हे तिच्या पंचांगावरून ठरावे. आषाढात भाताची आवणी असते, तेव्हा घरातला एकही हात मोकळा नसतो. आश्विन-कार्तिकात कापणी आणि झोडणी. चैत्र-वैशाखात पाणी नाही. राहतात ते मार्गशीर्ष, पौष आणि माघ. विहिरीस पाणी असते, धान्य घरात आलेले असते, थंडीत जखमेस घामाचा त्रासही कमी. शेत असलेल्या कुणबी घरास हे महिने सोयीचे. कातकरी घरास तेही नाहीत, कारण त्या महिन्यांत ती कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, आणि उचल आधीच घेतलेली असते. अशा बाईसाठी तारीख शोधावयाची तर डॉक्टरबरोबर भट्टीमालकाशीही बोलणे करावे लागेल, व ते बोलणे तिच्या वतीने कोणी करावयाचे हे रुग्णालयातील समाजसेवकाने आधी ठरवून ठेवले पाहिजे.